समतोल की तगून राहण्याची ताकद?

शहर, वीजजाळं किंवा औद्योगिक वसाहत यांचा ‘परिसंस्था’ म्हणून विचार करताना कोणता नमुना घ्यावा, हा पेच नेहमी पडतो. सजीव आणि त्यांचा भोवताल मिळून होणाऱ्या व्यवस्थेसाठी ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ टॅन्सली यांनी १९३५ मध्ये हा शब्द मांडला. पुढे त्याला दोन वाटा फुटल्या: अमेरिकी परिसंस्था-अभ्यासक ओडम बंधूंचा ऊर्जा-पदार्थांचा ताळेबंद आणि १९७३ मध्ये कॅनडातले परिसंस्था-अभ्यासक हॉलिंग यांनी मांडलेली, धक्का पचवून टिकण्याची कल्पना.

मोजायला ताळेबंद सोपा. किती टन आत आलं, किती बाहेर गेलं, एवढं लिहायचं. डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्ग या औद्योगिक गावात कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राची वाफ शेजारच्या कारखान्यांना मिळाली. धुरातला गंधक काढताना तयार झालेलं जिप्सम भिंतींचे बोर्ड बनवणाऱ्याकडे गेलं. बचत थेट रुपयांत मांडता येते. मात्र कोळसा जाळणं थांबलं, की जिप्समही आटतं. घट्ट बांधलेल्या साखळीचा हा खरा धोका.

हॉलिंगची कसोटी अवघड, पण मला ती जास्त मोलाची वाटते. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये सूचिपर्णी झाडांची कोवळी पालवी खाणाऱ्या अळीवर १९५२ पासून विमानातून फवारणी झाली. झाडं वाचली, पालवी टिकली, म्हणजे अळीचं खाणंही टिकलं! फवारणी थांबवली की उद्रेकाचा धोका समोर उभाच. वरवरची स्थिरता आतून जंगल ठिसूळ करत होती. हॉलिंगच्या वाटेवर खर्च राखीव क्षमतेचा, म्हणजे धक्क्यासाठी राखून ठेवलेल्या जादा सोयीचा, आणि तो वर्षानुवर्षं वाया गेल्यासारखा दिसतो.

पुरवठा स्थिर असलेल्या वसाहतीत कचरा आणि इंधन वाचवायचं असेल, तर ताळेबंद घ्या. पूर, वीजजाळं, पिण्याचं पाणी यांचं नियोजन असेल, तर हॉलिंगच.