'लाइफटाइम लायसन्स' म्हणून फुकटचं सॉफ्टवेअर गळ्यात मारलं

कोल्हापूरकडचं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. एखाद-दुसरं व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारं मिलिंग मशीन) घेऊन जॉबवर्क करणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा. फ्यूजन हे कॅम (मॉडेलवरून मशीनचा प्रोग्राम काढून देणारं) सॉफ्टवेअर 'लाइफटाइम लायसन्स' म्हणून विकणारा एकजण आपल्या भागात फिरतोय. आमच्याकडून त्यानं ४५ हजार घेतले आणि ऑटोडेस्क कंपनी घरगुती वापरासाठी फुकट देते ती आवृत्ती बसवून दिली.

आमचं काम फाउंड्रीच्या पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणाऱ्या नमुन्यांचं. ॲल्युमिनियमचे पॅटर्न, कोअर बॉक्स, सगळं थ्री ॲक्सिसवरचं. माणूस कामातला वाटत होता. मशीनजवळ उभा राहून त्यानं फॅनुक कंट्रोलरचा पोस्ट (प्रोग्राम कंट्रोलरच्या भाषेत उतरवणारी फाइल) लावला, एक पॉकेट (खोलगट खाच) मारून दाखवलं. "साहेब, एकदाच पैसे, दरवर्षी रिन्यूअलची कटकट नाही." बिल मागितलं तर "जीएसटीचं बिल मागनं पाठवतो". पैसे मात्र स्वतःच्या यूपीआयवर घेतले.

पुढं बॉलनोजचं (गोल टोकाच्या टूलचं) फिनिशिंग लागलं आणि सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला लागणारा वेळ, कुठल्या कुठं गेला. ऑपरेटर म्हणाला, "मालक, टूल वर उचललं तरी मशीन कटिंगच्याच फीडनं फिरतंय. रॅपिड ओव्हरराइड शंभरावर हाय, कायबी फरक नाही." प्रोग्राम उघडला तर जी ०० (रॅपिड, म्हणजे कापत नसताना वेगात हलणं) असायला हवं तिथं सगळीकडं जी ०१ (कटिंगच्या वेगानं हलणं). एम ०६ वापरून टूल बदलायची सोयच नाही, प्रत्येक टूलचा प्रोग्राम वेगळा काढायचा. फोनवर त्यानं सांगितलं की हा 'सेफ्टी मोड' आहे, 'स्पेशल पोस्ट' घातला की जाईल. त्याचे आणखी १२ हजार घेतले. असे पोस्ट ऑटोडेस्कच्या लायब्ररीत कुणालाही फुकट मिळतात. आणि अडचण पोस्टमध्ये नव्हतीच, लायसन्समध्ये होती. फुकट आवृत्तीत रॅपिड आणि ऑटो टूलचेंज २०२० पासून बंद आहे.

सगळ्यात संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. या आवृत्तीतून निघालेल्या प्रोग्राममध्ये वरच कंसात इंग्रजी ओळी येतात, की वैयक्तिक वापराच्या आवृत्तीत रॅपिडचा वेग कमी केलेला आहे. आमच्या प्रोग्रामिंग करणाऱ्या पोराला त्यानं बजावलं होतं, "त्या ओळी खोडून टाकत जा, मशीनला अलार्म येतो." कंसातला मजकूर कंट्रोलर सोडून देतो, त्यानं कसला अलार्म येणार? पण नवीन पोरगं, शिकवणाऱ्यावर विश्वास ठेवून रोज खोडत राहिलं. शेवटी शिरोलीच्या एका दोस्तानं न खोडलेली फाइल वाचली आणि सगळं उघडं पडलं.

पैसे परत मागितले तर त्यानं पासवर्ड बदलला. खातं त्याच्याच ईमेलवर काढलेलं होतं. मॉडेल क्लाउडवर, म्हणजे गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं आज त्याच्या ताब्यात आहेत. पैशापेक्षा हे फार वाईट. ज्यांची ड्रॉइंगं होती त्या फाउंड्रीवाल्यांना आम्ही स्वतः जाऊन सांगून आलो.

फ्यूजन वाईट नाही, पैसे भरून घेतलं तर चांगलं काम करतं. पण ते वर्गणीवरच मिळतं. ऑटोडेस्कनं २०१६ मध्येच नवीन कायमची लायसन्सं विकणं थांबवलंय, त्यामुळं 'लाइफटाइम' म्हणणारा तिथंच खोटा पडतो. फुकट आवृत्ती धंद्यासाठी चालत नाही, वर्षाला १,००० डॉलरच्या आतल्या घरगुती कामापुरतीच ती आहे. कुठलंही कॅम घ्या, खातं आपल्या फर्मच्या ईमेलवर काढा, विक्रेत्याचं नाव मूळ कंपनीकडं विचारा, जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा. डेमोला एकाच टूलचं पॉकेट बघून भागत नाही. दोन टूलचा एकच प्रोग्राम काढायला लावा आणि त्यात टूल वर उचलून हलतं तिथं जी ०० आणि दोन टूलांच्या मध्ये एम ०६ आहे का ते डोळ्यांनी बघा.

पोलिसांत तक्रार दिली आहे. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. आमचे पैसे अजून आलेले नाहीत. एकट्याची तक्रार 'व्यवहारातला वाद' म्हणून बाजूला पडते, तेव्हा तुमच्याकडंही त्यानं हेच बसवलं असेल तर यूपीआयची पावती आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा आणि तुमचीही तक्रार द्या.