दंडावरचा ग्लुकोज सेन्सर : सहा महिन्यांच्या वापरानंतर

उपाशीपोटीची साखर ९८, म्हणजे नॉर्मल. पण एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी, ५.९ टक्के, म्हणजे ५.७ ते ६.४ या मधुमेहपूर्व टप्प्यात. बाबांना वर्षानुवर्षे इन्सुलिन घेताना पाहिले असल्यामुळे मी वेळ न दवडता एप्रिलमध्ये दंडावर लावायचा सेन्सर घेतला.

एक सेन्सर चौदा दिवस चालतो. त्याची केसासारखी बारीक तार त्वचेखाली राहते, त्यामुळे त्याला अगदी बिनसुईचा म्हणता येणार नाही. तारेवरचे विकर (एन्झाइम) पेशींभोवतीच्या द्रवातील ग्लुकोजवर प्रक्रिया करते आणि त्यातून निर्माण होणाऱ्या सूक्ष्म विद्युतप्रवाहावरून मोबाइलवर आकडा दिसतो. हा द्रव रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो, म्हणून मी एकेका आकड्यापेक्षा आलेखाचा चढउतार पाहते.

त्या चढउतारानेच माझे डोळे उघडले. आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि पाऊण तासात ११२ वरून आकडा १९४ वर गेला; उपाशीपोटीच्या तपासणीत हे कधीच दिसले नसते. पुढच्या एकादशीला अर्धी वाटी खिचडी दह्यासोबत खाऊन शिवाजी पार्कला फेरी मारली, तेव्हा तो १५० च्या आत राहिला.

त्रासही झाला. एका रात्री तीन वाजता अलार्म वाजला, आकडा ५८. ह्यांनी घाईघाईने साखरेचे पाणी केले, पण मला घाम नव्हता की थरथर नव्हती, म्हणून आधी बोटातून रक्त काढून पाहिले, तर १०१. डाव्या कुशीवर झोपल्याने सेन्सरखालचा भाग दबला होता. तेव्हापासून तो उजव्या दंडावर लावते आणि शंका आली की ग्लुकोमीटरनेच खात्री करते. पावसाळ्यात घामाने चिकटपट्टी सैल होते. दादरला लेडीज डब्यातून उतरताना ओढणी अडकून एक सेन्सर नवव्या दिवशीच निघाला आणि कंपनीने तो बदलून दिला नाही. एवढ्या महागाच्या वस्तूबाबत हे मला पटत नाही.

त्वचेला न टोचता साखर मोजल्याचा दावा करणारी घड्याळे आणि अंगठ्या मात्र घेऊ नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अशा एकाही उपकरणाला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता.

खर्चामुळे आता मी सलग सेन्सर लावत नाही. पुढचा दिवाळीच्या आठवड्यासाठी राखून ठेवला आहे.