टेबलावरून पडलेली १ टीबीची हार्ड डिस्क: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ही १ टीबीची अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्क मी गेल्या दिवाळीत घेतली आणि फेब्रुवारीत ती चालू असतानाच टेबलावरून शहाबादी फरशीवर पडली. त्यानंतर आठ महिने मी ती वापरत आहे, त्यामुळे हा अभिप्राय पडलेल्या डिस्कचा आहे, नव्या डिस्कचा नव्हे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पडण्यात तिचा काही दोष नव्हता आणि पडझडीचे नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे तिच्या कागदावर आधीच छापलेले होते.

मी सोलापुरातील कारखान्यांसाठी जेकार्डच्या चादरींची आणि टॉवेलांची डिझाइन करतो. जुन्या डिझाइनच्या फाइली आणि गड्ड्याच्या यात्रेतील घरच्यांचे फोटो एवढा ऐवज या डिस्कवर होता. कॉपी सुरू असताना भाच्याचा पाय केबलमध्ये अडकला, डिस्क कोपऱ्यावर आपटली आणि कोपऱ्याचे प्लास्टिक तांदळाच्या दाण्याएवढे दबले. डिस्क बंद असती, तर मी एवढा घाबरलो नसतो. बंद डिस्कमधील हेड, म्हणजे डेटा वाचणारा-लिहिणारा भाग, डेटाच्या चकत्यांपासून बाजूला जाऊन रॅम्पवर (कडेच्या उतरत्या आधारावर) विसावलेले असते, तर चालू डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या चकतीवर ते अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते, आणि अशा वेळी बसलेल्या धक्क्याने ते चकतीला घासू शकते.

मी केबल काढून ठेवली आणि त्या दिवशी डिस्कला हात लावला नाही. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने फोनवर विचारले, "मालक, उघडून बघू का?" मी नको म्हणालो, कारण धुळीपासून संरक्षित खोलीबाहेर डिस्कचे झाकण उघडले की चकत्यांवर धूळ बसते आणि उरलीसुरली आशाही संपते. शिवाय अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचे कनेक्टर थेट सर्किट बोर्डावरच असते, त्यामुळे केस काढून साटा केबल (डिस्क थेट संगणकाला जोडणारी केबल) लावण्याची सोयही नसते.

दुसऱ्या दिवशी डिस्क जोडली, तेव्हा कानाजवळ नेऊन आवाज ऐकला. चकती फिरू लागल्याची नेहमीची सूं एवढीच होती. ठराविक अंतराने टक्-टक् असा आवाज आला असता, तर मी त्याच क्षणी केबल काढून ती डेटा रिकव्हरीवाल्याकडे नेली असती. विंडोज चेकडिस्क (डिस्कमधील चुका शोधून दुरुस्त करणारी तिची सोय) चालवण्याचा सल्ला देत होते, तो मी नाकारला. आजारी डिस्कला दुरुस्तीच्या नावाखाली राबवण्याआधी तिच्यावरील फाइली बाहेर काढणे महत्त्वाचे, म्हणून आधी चालू ऑर्डरची डिझाइन, मग फोटो आणि शेवटी बाकीचे, या क्रमाने कॉपी केली. टॉवेलाच्या काठाची एकच फाइल 'सायक्लिक रिडंडन्सी चेक'ची चूक, म्हणजे डेटा नीट वाचता येत नसल्याची सूचना, दाखवून अडली. सुदैवाने ती कारखान्याच्या संगणकावर होती.

मग डिस्कच्या तब्येतीचे आकडे दाखवणारे क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडले. यात आकडे सुरुवातीला हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत) दिसतात, ते सेटिंगमधून दशमान करून घ्यावेत, नाहीतर १० म्हणजे १६ हे लक्षात न आल्याने उगाच गोंधळ होतो. पडलेल्या डिस्कसाठी ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी महत्त्वाच्या. ०५ म्हणजे खराब ठरल्यामुळे बदली जागेवर हलवलेले सेक्टर (चकतीवरील डेटाचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले, आणि सी६ म्हणजे डिस्कने स्वतः तपासूनही न सुधारता आलेले. माझ्याकडे ०५ समोर ०, तर सी५ समोर ८ होते. हे ८ म्हणजे आठ वेगवेगळ्या जखमा असतीलच असे नाही. ४०९६ बाइटचा एक भौतिक सेक्टर ५१२ बाइटच्या ८ तार्किक सेक्टरांएवढा असतो, त्यामुळे काही डिस्क हा आकडा ८च्या पटीत दाखवतात.

हे आकडे डिस्कने आजवर वाचायचा प्रयत्न केलेल्या जागांपुरतेच बोलतात, हे मला उशिरा उमगले. डिस्कच्या रिकाम्या भागात काय आहे ते कळण्यासाठी एचडी ट्यून या सॉफ्टवेअरचे एरर स्कॅन (डिस्कभर चुका शोधणारी तपासणी) चालवले. त्याला साडेतीन तास लागले आणि हिरव्या चौकोनांच्या भिंतीत एकच लाल चौकोन उमटला. त्यानंतर, सर्व फाइली दोन ठिकाणी पोहोचल्याची खात्री करून, 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केले. पूर्ण फॉरमॅटमध्ये प्रत्येक सेक्टरवर नव्याने लिहिले जाते आणि शंकास्पद सेक्टर एकतर सुधारतो किंवा बदलला जातो. माझ्या बाबतीत तो बदलला गेला: सी५ शून्यावर आले आणि ०५ वर ८ चढले. सॉफ्टवेअर तेव्हापासून पिवळ्या रंगात 'सावधान' दाखवते आणि दाखवतच राहील, कारण ०५चा आकडा खाली येत नाही.

म्हणून मी रंगाकडे पाहणे सोडले आणि आकडा वाढतो का, एवढेच पाहू लागलो. हिशेबाच्या वहीत दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तिन्ही आकडे आणि तापमान लिहितो. मार्च ते ऑक्टोबर एकही आकडा हललेला नाही. मे महिन्यातील सोलापूरच्या दुपारी तापमान मात्र ५३ अंशांवर गेले, म्हणून त्या महिन्यात मोठी कॉपी पहाटेच उरकली. जुलैत डिस्कची संगणकाशी जोडणी मधेच तुटू लागली, तेव्हा मला जुने दुखणे उलटल्याची भीती वाटली. पण आकडे स्थिर होते आणि शोध घेता केबलची रुंद चपटी पिन सैल झालेली आढळली. दुसरी केबल लावल्यावर तक्रार थांबली.

पाचपैकी तीन तारे देतो. वेग अजूनही नव्यासारखा आहे, पण एकमेव प्रत ठेवण्याचे काम मी तिच्याकडून काढून घेतले आहे. चालू डिझाइन आता एसएसडीवर (फिरती चकती नसलेल्या डिस्कवर) असतात आणि ही डिस्क दुसरी प्रत सांभाळते. तिची जागाही बदलली आहे: सर्वांत खालच्या फळीवर, चादरीच्या उरलेल्या तुकड्याच्या घडीवर, आणि केबल भिंतीच्या बाजूने.