वसईतील कॅथलिक मराठी प्राथमिक शाळा : पहिलीच्या दहा महिन्यांनंतर एका पालकाचा अनुभव

आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. पतीच्या नोकरीमुळे वसईला राहायला आलो आणि गेल्या जूनमध्ये मुलीला येथील एका धर्मग्रामाने (एका चर्चशी जोडलेल्या कॅथलिक समाजाने) चालवलेल्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत पहिलीला घातले. प्रवेश घेताना माझ्या मनात जे प्रश्न होते, त्यांची उत्तरे मला कोठेही लिहिलेली सापडली नव्हती. ओळखीचे लोक एकतर ‘मिशनरी शाळा म्हणजे शिस्त’ एवढे सांगत किंवा ‘तिथे धर्म शिकवतात, जपून’ असे बजावत. म्हणून एक पूर्ण शैक्षणिक वर्ष संपल्यावर, शाळेतील श्रद्धेचे आणि सामूहिक जीवनाचे जे रूप मी जवळून पाहिले, ते येथे सविस्तर लिहीत आहे. शाळेचे नाव देत नाही, कारण पुढे काही उणिवांविषयीही लिहायचे आहे.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात सांगते. शाळा अनुदानित आहे, त्यामुळे शिक्षणशुल्क नाही. पाठ्यपुस्तके बालभारतीची असून ती विनामूल्य मिळाली आणि दुपारी शालेय पोषण आहार मिळतो. मुख्याध्यापिका धर्मभगिनी (सिस्टर) आहेत, बाकीच्या बहुतेक बाई गावातल्याच आहेत, आणि शाळेचे व्यवस्थापक म्हणजे चर्चचे प्रमुख धर्मगुरू (फादर). चर्च, शाळा आणि दफनभूमी एकाच आवाराच्या आसपास असल्यामुळे मुले रोज या तिन्हींमधून ये-जा करतात. ही रचना वसईत नवी नाही. पोर्तुगीजांनी 1534 मध्ये वसई घेतली आणि 1739 मध्ये मराठ्यांनी ती जिंकली, त्या दोन शतकांत येथील अनेक गावे कॅथलिक झाली. सत्ता गेली तरी या गावांची श्रद्धा आणि शेती टिकली, आणि बोलीही टिकली. मुलीच्या मैत्रिणी घरी सामवेदी ही येथील बोली बोलतात, वर्गात प्रमाण मराठी वाचतात आणि प्रार्थना मराठीतच म्हणतात. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने (जगभरातील कॅथलिक बिशपांच्या सभेने) 1963 मध्ये उपासनेत लोकभाषांना वाव दिला, त्यापूर्वी मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य सामूहिक उपासना, लॅटिनमध्ये होत असे. शेजारच्या एका आजींना ती लॅटिन उत्तरे अजून पाठ आहेत आणि मराठी मिस्सा सुरू झाल्यावर ‘आपण काय म्हणतोय ते कळायला लागलं’ असे त्या सांगतात.

प्रवेशाच्या दिवशी मी सिस्टरांना सरळ विचारले की आमच्या मुलीला काय करावे लागेल आणि काय करावे लागणार नाही. त्यांनी न रागावता उत्तर दिले. कॅथलिक मुलांसाठी धर्मशिक्षणाचा तास असतो, त्याच वेळी इतर मुलांसाठी मूल्यशिक्षणाचा तास असतो. सकाळच्या परिपाठाला राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका आणि प्रार्थना होते, आणि प्रार्थनेच्या वेळी मुलाने फक्त शांत उभे राहिले तरी चालते. राज्यघटनेच्या 28व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडाप्रमाणे, सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत पालकाच्या संमतीशिवाय अज्ञान मुलाला धर्मशिक्षणात किंवा उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही, हे मला नंतर वाचून कळले. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही एप्रिल 2024 मध्ये आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना देताना, अन्य धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत असे स्पष्ट सांगितले आहे. दहा महिन्यांत या बाबतीत शाळेने दिलेला शब्द एकदाही मोडला नाही.

मात्र शाळेतील श्रद्धा कोठे आहे, हे मला भिंतीवरच्या क्रुसावरून किंवा मरियामातेच्या ग्रोटोवरून (मूर्तीसाठी केलेल्या गुहेवरून) समजले नाही, ते वर्गातल्या एका प्रश्नावरून समजले. हजेरी झाल्यावर बाई रोज विचारतात, “आज कोणासाठी?” ज्याला सांगायचे असेल तो उभा राहून सांगतो. कोणाचे बाबा आखातात नोकरीला आहेत, कोणाची गाय आजारी आहे, कोणाच्या आत्याला बाळ व्हायचे आहे. मग अर्धा मिनिट शांतता असते, कॅथलिक मुले हात जोडून एक छोटी प्रार्थना म्हणतात, इतर मुले डोळे मिटतात आणि अभ्यास सुरू होतो. ऑगस्टमध्ये माझ्या सासूबाईंवर शस्त्रक्रिया झाली. मुलीने वर्गात काय सांगितले ते मला ठाऊक नव्हते, पण सलग आठ दिवस त्यांचे नाव वर्गात घेतले गेले. नवव्या दिवशी शाळा सुटताना फाटकाशी एका अनोळखी मुलाने मला “आजी घरी आल्या का?” असे विचारले, तेव्हा मला उत्तर देताना शब्द सुचेनात. सहा वर्षांच्या मुलांना दुसऱ्याच्या घरातली काळजी लक्षात ठेवायची सवय लागते, ही गोष्ट मी यापूर्वी कोणत्याही शाळेत पाहिली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर याच प्रश्नाला वेगळे रूप आले. कॅथलिक परंपरेत नोव्हेंबर महिना मृतांच्या स्मरणासाठी राखलेला असतो आणि त्याची सुरुवात 2 नोव्हेंबरच्या दिवसाने होते, तेव्हा लोक दफनभूमीतील कबरी स्वच्छ करून त्यांवर मेणबत्त्या व फुले ठेवतात. वर्गात एक मोठा कागद लावला होता आणि प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या दिवंगत माणसाचे नाव त्यावर लिहायचे होते. मुलीने माझ्या आजोबांचे नाव लिहिले, कारण भाद्रपदात आम्ही त्यांच्या नावाने पान वाढले होते ते तिच्या लक्षात होते. तो कागद महिनाभर भिंतीवर राहिला. त्यावर फर्नांडिस, परेरा, लोपीस यांच्या शेजारी पाटील, जाधव आणि एक अन्सारी अशी आडनावे होती. मृत्यूविषयी लहान मुलांशी बोलायला आम्ही घरी कचरतो, शाळेने ते अगदी साधेपणाने केले.

नाताळची तयारी हा वर्षातला सर्वांत भरगच्च काळ. डिसेंबरच्या सुरुवातीला मुलांनी वाट्यांमध्ये नाचणी आणि गहू पेरले, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यातील गोठ्यात ठेवायला हिरवळ तयार होते. पिवळट कोंब घेऊन मुलगी घरी आली तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या, “अगं, हे तर आपल्या घटासारखं.” वर्गाचा गोठा मुलांनी पेंढा, नारळाच्या झावळ्या आणि शाडूच्या मातीने बनवला, आणि त्यात मेंढपाळांबरोबर बैलगाडी, विहीर व भाताची उडवीही होती. गोठा मांडण्याची प्रथा संत फ्रान्सिस असिसीकर यांनी 1223 मध्ये इटलीतील ग्रेच्चो या गावी सुरू केली असे मानतात, पण वसईतल्या मुलांसाठी बेथलेहेम हे शेजारच्या वाडीइतकेच जवळचे असते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला संत गोन्सालो गार्सिया यांची गोष्ट सांगितली गेली. वसईत जन्मलेला हा मुलगा जपानला व्यापारासाठी गेला, पुढे फ्रान्सिस्कन या संन्यासी संघातला बंधू झाला, 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे आपल्या साथीदारांसह क्रुसावर मारला गेला आणि 1862 मध्ये संत म्हणून घोषित झाला. भारतात जन्मलेली संतपदाला पोहोचलेली ही पहिली व्यक्ती ‘आपल्या वसईची’ आहे, हे मुलगी अभिमानाने सांगत होती, आणि त्या ‘आपल्या’मध्ये तिने स्वतःला धरले होते.

आता ज्या गोष्टींनी मन दुखावले त्या सांगते. नाताळच्या नाटुकल्यात कोणी काय व्हायचे हे रविवारच्या धर्मशिक्षणवर्गात ठरले. तो वर्ग शाळेच्याच खोल्यांमध्ये भरतो, पण तो धर्मग्रामाचा असतो, शाळेचा नव्हे. सोमवारी मुली आपापल्या भूमिका सांगू लागल्या तेव्हा माझ्या मुलीला काहीच भूमिका नव्हती, कारण ठरवताना ती तेथे असणे शक्यच नव्हते. कोणी तिला मुद्दाम वगळले नव्हते, पण रडू यायचे ते आलेच. हीच गत निरोपांची. पालकसभा, मैदानाची साफसफाई आणि वार्षिक सणाच्या दिवशीची अर्धी सुट्टी, या सगळ्यांची घोषणा रविवारी मिस्सेनंतर होते आणि गावाला ती पुरते. जे चर्चमध्ये जात नाहीत त्यांच्यापर्यंत निरोप पोहोचायला शेजारीण हा एकच मार्ग उरतो. दोनदा आम्ही बंद फाटकापर्यंत जाऊन परत आलो. प्रार्थनेत आमचे नाव असते आणि निरोपात नसते, असे मी जानेवारीच्या सभेत म्हटले. सभेत थोडा वेळ कोणी बोलले नाही. फादरांनी ते लिहून घेतले आणि त्याच आठवड्यात वर्गाचा व्हॉट्सॲप गट सुरू झाला. तो आता नीट चालतो.

मूल्यशिक्षणाच्या तासाची अडचण मात्र अजून सुटलेली नाही. धर्मशिक्षणासाठी पुस्तक आहे, तयारी केलेल्या बाई आहेत, वर्षभराचा क्रम आहे. मूल्यशिक्षणासाठी यांपैकी काहीच नाही, जी बाई मोकळी असेल ती येते आणि अनेकदा चित्र रंगवायला देते. वर्गातील निम्म्याहून अधिक मुले आज कॅथलिक नाहीत, कारण गावातील बरीच कॅथलिक कुटुंबेही आपली मुले इंग्रजी माध्यमात घालू लागली आहेत. ज्या शाळेला दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखायचा आहे, तिने त्या मुलांच्या तासाचाही तितकाच विचार करायला हवा, असे मला मनापासून वाटते. सिस्टरांना हे पटते, परंतु मंजूर पदे मोजकी असल्याने नवी शिक्षिका आणायची कोठून, हा त्यांचा प्रश्नही खरा आहे.

उपवासकाळाच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या, सुरुवातीचा एक प्रसंग मला विशेष सांगावासा वाटतो. राखेच्या बुधवारी, आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळावर लावतात. आदल्या दिवशी सिस्टरांचा फोन आला. मुलीने स्वतःहून राख लावून घ्यायची इच्छा दाखवली होती. “तुम्ही नाही म्हणालात तर मी तिला प्रेमाने समजावीन, तुम्ही निवांत ठरवा,” असे त्या म्हणाल्या. आमच्याकडे देवळातून आणलेला अंगारा कपाळाला लावतात, त्यामुळे मला त्यात वावगे वाटले नाही, पण पतींना वाटले की सहा वर्षांच्या मुलीला त्याचा अर्थ कळत नाही, तेव्हा नको. आम्ही नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी ती आनंदाने घरी आली, कारण राखेचे ताट धरायचे काम बाईंनी तिला दिले होते. पुढच्या चाळीस दिवसांत, आपला एखादा खाऊ सोडून त्याचे पैसे पुठ्ठ्याच्या पेटीत टाकायचे, असा वर्गाचा नेम होता. त्यात मात्र ती पूर्ण सहभागी झाली. आमच्या घरात चातुर्मासाचे नेम पाळले जातात, त्यामुळे तिला हे समजावून सांगावे लागले नाही.

सर्वांत अवघड प्रश्न मार्चमध्ये आला. तिसरीतील मुलींची प्रथम ख्रिस्तशरीर संस्काराची (मिस्सेत पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याच्या विधीची) तयारी सुरू होती, पांढऱ्या झग्यांची मापे घेतली जात होती, आणि मुलीने विचारले, “माझं कधी?” पोप दहावे पायस यांनी 1910 मध्ये या संस्काराचे वय सुमारे सात वर्षांपर्यंत खाली आणले, तेव्हापासून तो प्राथमिक शाळेच्या वयातच होतो आणि म्हणून वर्गातील मैत्रीच्या अगदी मधोमध येऊन उभा राहतो. आम्ही तिला सांगितले की तो त्यांच्या घरचा संस्कार आहे, आपल्या घरचे संस्कार वेगळे आहेत, आणि मैत्रिणींच्या आनंदात आपण जायचे. हे उत्तर तिला पूर्ण पटले नाही, हे मला दिसले. या शाळेचा विचार करणाऱ्या पालकांनी हा प्रश्न आपल्या घरीही येणार हे धरून चालावे आणि पती-पत्नींनी त्याचे उत्तर आधीच एकमताने ठरवून ठेवावे.

दुसरीसाठी आम्ही तिला येथेच ठेवत आहोत. एप्रिलमध्ये निकालाच्या दिवशी मी आणि इतर तीन पालकांनी मूल्यशिक्षणाच्या तासासाठी आठवड्यातून एकदा आळीपाळीने यायची तयारी लेखी कळवली आहे. आमच्यापैकी एक निवृत्त शिक्षक आहेत, एक ताई परिचारिका आहेत, आणि मी गोष्टी सांगू शकते. सिस्टरांनी तो अर्ज व्यवस्थापकांकडे पाठवला असून जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला भेटायला बोलावले आहे.