पिमोबेंडनची गोळी चोख आहे, पण ग्रेहाउंडला सुरू करण्याआधी एवढं बघा

पिमोबेंडन ही कुत्र्यांच्या हृदयविकारावरची चघळायची गोळी. वेटमेडिन हे तिचं मूळ आणि सगळ्यांत ओळखीचं नाव. औषध म्हणून तिला पाचपैकी साडेचार गुण. बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात ग्रेहाउंड, मुधोळ किंवा या दोघांचा संकर पाळणाऱ्यांची कमी नाही. पण अशा कुत्र्याला ही गोळी 'एक्स-रेत हृदय वाढलेलं दिसतंय' एवढ्या एका ओळीवर सुरू झाली असेल, तर त्या ओळीला दोनच्या वर गुण देववत नाहीत.

आधी गोळीची बाजू. ती दोन कामं एकदम करते. हृदयाच्या स्नायूची कॅल्शियमवरची पकड वाढवते, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला हृदय जोरात आकुंचन पावतं. आणि रक्तवाहिन्या सैल करते, म्हणजे पुढे रक्त ढकलायचा भार हलका होतो. थकलेल्या बैलाला जोर द्यावा आणि गाडीतलं ओझंही उतरवावं, तसा प्रकार. छातीत पाणी भरू लागलेल्या कुत्र्यात लॅसिक्ससारख्या लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या जोडीला ही असली की फरक कळतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'एपिक' अभ्यासात झडप गळणाऱ्या, हृदय वाढलेल्या, पण अजून लक्षणं नसलेल्या कुत्र्यांना ती देऊन पाहिली, तेव्हा हृदय निकामी होण्याची वेळ सुमारे १५ महिने पुढे गेली. डॉबरमनच्या स्नायू पातळ होण्याच्या आजारातही तिचा फायदा दिसला आहे.

आता त्या 'एपिक'मध्ये कुत्री कशी निवडली होती ते नीट वाचा. वजन साधारण ४ ते १५ किलो, वय किमान ६ वर्षं. हृदय 'वाढलेलं' ठरवायला तीन मापं एकत्र लागत होती: एक्स-रेवरचा व्हीएचएस (हृदयाच्या आकाराचं माप, रीत खाली आहे) १०.५ च्या वर, इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, डावी कर्णिका (हृदयाचा वरचा कप्पा) आणि महाधमनी यांचं गुणोत्तर १.६ किंवा जास्त, आणि डाव्या जवनिकेचं (खालच्या कप्प्याचं) वजनाप्रमाणे काढलेलं माप १.७ किंवा जास्त. तीस किलोचा ग्रेहाउंड त्या अभ्यासात नव्हताच. तरी त्यातलं एकटं १०.५ उचलायचं आणि ग्रेहाउंडला लावायचं, इथे गफलत होते.

व्हीएचएस म्हणजे मणक्यांच्या मापात मोजलेलं हृदय. आडव्या कुशीवरच्या एक्स-रेत श्वासनलिका जिथे दुभागते तिथून हृदयाच्या टोकापर्यंत एक रेघ, तिला काटकोनात सर्वांत रुंद जागी दुसरी. दोन्ही रेघा छातीच्या चौथ्या मणक्याच्या पुढच्या कडेपासून मागे ठेवायच्या, किती मणके भरले ते मोजायचं आणि बेरीज करायची. १९९५ मध्ये ही पद्धत मांडली गेली तेव्हा मिश्र जातींची सरासरी ९.७ आली होती आणि बहुतेक निरोगी कुत्री १०.५ च्या आत बसली. पुढे निरोगी ग्रेहाउंड वेगळे मोजले तर त्यांची सरासरीच १०.५ निघाली. म्हणजे जवळजवळ निम्मे धडधाकट ग्रेहाउंड या रेषेच्या पलीकडे उभे आहेत. यात नवल नाही. इतर कुत्र्यांचं हृदय शरीराच्या वजनाच्या पाऊण टक्क्याच्या आसपास असतं, ग्रेहाउंडचं सव्वा टक्क्याच्या आसपास. हे नुसत्या सरावाने येत नाही, कधीच न पळवलेल्या कुत्र्यातही ते मोठंच असतं.

मुधोळ, म्हणजे आपला कारवान, बांध्याने जवळचा असला तरी वेगळी जात आहे. ग्रेहाउंडचा आकडा त्याला जसाच्या तसा चिकटवू नका. उत्तम उपाय म्हणजे कुत्रं दोन-तीन वर्षांचं, ठणठणीत असताना एक एक्स-रे काढून ठेवणं. पुढे आठव्या वर्षी शंका आली की तुलना त्याच्या स्वतःच्याच फिल्मशी. फिल्म मोबाइलवर फोटो काढून नव्हे, मूळ डिजिटल फाइल मागून घ्या. आणि श्वास पूर्ण आत घेतलेल्या क्षणीची फिल्म असावी. श्वास सोडताना काढलेल्या किंवा कुत्रं थोडं वळलेलं असताना काढलेल्या एक्स-रेत चांगलं हृदयही फुगलेलं दिसतं.

दुसरा सापळा स्टेथोस्कोपचा. ग्रेहाउंडमध्ये डाव्या बाजूला, हृदयाच्या वरच्या भागावर, पहिल्या-दुसऱ्या दर्जाची बारीक फुसफुस बऱ्याचदा असते. मोठ्या हृदयातून रक्त वेगाने महाधमनीत जातं त्याचा तो आवाज. पण हाच आवाज महाधमनी अरुंद असली तरी येतो, आणि त्या विकारात पिमोबेंडन द्यायचं नाही, असं गोळीच्या माहितीपत्रकातच आहे. पुढची वाट अडलेली असताना मागून जोर वाढवला तर काय होणार? म्हणून आवाज ऐकून गोळी लिहिली असेल तर इको झाल्याशिवाय पहिला डोस देऊ नये. इकोत महाधमनीतला वेग मोजून घ्या, झडपांची गळती पाहून घ्या. इको करणारा डॉक्टर जातीचं नाव विचारत नसेल तर आपण होऊन सांगा.

रक्ततपासणीत तर गंमतच आहे. एनटी-प्रोबीएनपी हे हृदयावरचा ताण दाखवणारं माप ग्रेहाउंडमध्ये मुळातच चढं असतं. एकट्या त्या आकड्यावर निदान नको. उलट पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, लॅबच्या कागदावर ३७ ते ५५ 'नॉर्मल' छापलेलं असतं. ग्रेहाउंडचं ते ५५ ते ६५ पर्यंत असतं. त्याचा ४० आला तर कागदावर लाल खूण येत नाही, पण कुत्र्याचं रक्त कमी झालेलं आहे. आपल्याकडे पावसाळ्यात आणि नंतर गोचीड-ताप किती पसरतो हे सांगायला नको. रक्त पातळ झालं की हृदय जास्त काम करतं, फुसफुस ऐकू येते, कुत्रं धापा टाकतं, आणि सगळं चित्र हृदयविकारासारखं दिसतं. तिथे उपचार गोचिडाच्या जंतूंवर हवा, पिमोबेंडनवर पैसे नकोत. (प्लेटलेट मात्र ग्रेहाउंडच्या नेहमीच जरा कमी असतात. नुसत्या त्यावरून गोचीड-ताप ठरवणं हीही चूकच.)

मग गोळी कोणाला? वयस्क कुत्र्याची डावी झडप गळते आणि इकोवर डावी कर्णिका फुगलेली आहे, किंवा स्नायू पातळ होऊन आकुंचन मंदावलं आहे, किंवा फुप्फुसात पाणी येऊ लागलं आहे. रात्री खोकणं, पूर्वी सहज पळणाऱ्याने मध्येच थांबणं, चक्कर येऊन पडणं, पोट सुटणं ही लक्षणं असतील तर आधी दवाखाना, मग बाकी वाचन. निरोगी शर्यतीच्या कुत्र्याला 'दम वाढावा' म्हणून देण्याचा विचार असेल तर तो सोडा, गोळी त्यासाठी नाही आणि तिने ठोके वाढू शकतात.

डोसाचं गणित सोपं आहे. दिवसाला किलोमागे ०.५ मिलिग्राम, दोन भागांत, १२ तासांच्या अंतराने. ३० किलोच्या कुत्र्याला दिवसाचे १५ मिलिग्राम होतात. सकाळी ५ आणि २.५ ची मिळून साडेसात, संध्याकाळी तेवढेच. २२ किलोच्या मुधोळला ११ होतात, ५ आणि ५ दिले तरी मर्यादेत बसतं. गोळ्या १.२५, २.५, ५ आणि १० मिलिग्रामच्या येतात, अर्ध्या करता येतात. अर्धा गुण कापला तो खर्चासाठी: ३० किलोच्या कुत्र्याला महिन्याला ४५० मिलिग्राम, म्हणजे ५ च्या ९० गोळ्या, आणि हे आयुष्यभर चालतं.

सर्वांत जास्त वाया जाते ती खाण्यामुळे. पोट भरलेलं असेल तर औषध रक्तात कमी उतरतं. जेवणाआधी साधारण एक तास द्या. भाकरी-ताकात कुस्करून, पेढ्यात किंवा कुंद्यात दडवून देण्याची सवय मोडा. गोळीला चव असते, बहुतेक कुत्री तशीच खातात. दोन-चार दिवस भूक कमी, जुलाब किंवा उलटी दिसली तर डॉक्टरला सांगा, मनाने बंद करू नका. जेवणात खारं सुकट-बोंबील नको, मीठ पाणी धरून ठेवतं.

फरक पडतोय का हे घरी कळायचा मार्ग एकच, झोपेतले श्वास. गाढ झोपलेलं असताना छाती किती वेळा वर-खाली होते ते पूर्ण मिनिटभर मोजा, रात्री, गारव्यात. एप्रिलच्या दुपारी मोजू नका, तेव्हा सगळीच कुत्री धापतात. ३० च्या आत असेल तर ठीक. सलग दोन रात्री त्याच्या वर गेलं तर तिसऱ्या रात्रीची वाट बघू नका. लॅसिक्स सुरू असेल तर किडनीची तपासणी लागते, पण ग्रेहाउंडचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं माप, एरवीही थोडं चढं असतं, म्हणून औषध सुरू होण्याआधीचा आकडा लिहून ठेवा.

बेळगावच्या पावसात उघडी बाटली ओल धरते. झाकण घट्ट लावा, मूळ बाटलीतच ठेवा, उघडल्याची तारीख वर लिहा. वेटमेडिनची चघळायची गोळी उघडल्यापासून १०० दिवसांत संपवायची असते. अर्धी राहिली तर पुढच्याच वेळेला तीच द्या. आणि बाटली ओट्यावर नको. चवदार गोळ्यांची अख्खी बाटली संपवायला ग्रेहाउंडला उंच उडी मारावी लागत नाही, मान वर केली तरी पुरते.