अँबॅसेडरसाठी ७ मिमीचं सुटं प्लग वायर किट: वायर एक नंबर, क्लिपा मात्र बदलाच

१४८९ सीसीच्या पेट्रोल अँबॅसेडरला प्लग वायर, म्हणजे स्पार्क प्लगपर्यंत ठिणगीचा करंट नेणारी वायर, घ्यायला निघालात तर दोन प्रकार समोर येतात. एक तयार कार्बन सेट, दोन्ही टोकांना कॅप आणि पिना दाबून आलेला. दुसरं हे सुटं किट: ७ मिमी जाडीची सिलिकॉनची वायर, आत तांब्याच्या तारांचा पीळ, ५ किलो-ओहमच्या चार प्लग कॅप, रबरी बूट आणि वायरी वेगळ्या धरायच्या क्लिपा. कापायचं, बसवायचं काम आपलं. गाडीवर जुन्या लुकास कंपनीच्या पद्धतीची, बाजूने वायर आत जाणारी डिस्ट्रिब्युटर कॅप (कॉईलचा करंट पाळीपाळीने चारही प्लगना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण) असेल तर डोळे झाकून हे दुसरं घ्या.

कारण त्या कॅपच्या आत आहे. कॅप उलटी केली की प्रत्येक पितळी टोकाजवळ एक अणकुचीदार स्क्रू दिसतो. वायर बाजूने आत सरकवायची आणि आतून स्क्रू पिळायचा. त्याचं टोक वायरीत घुसून तांब्याच्या तारांत रुततं. कार्बन वायरीच्या पोटात तारा नसतात, कार्बन चढवलेला धागा असतो. स्क्रूने तो धागा तुटतो, आत बारीकशी फट राहते, तिथे ठिणगी जळत राहते आणि काही महिन्यांत गाडी मिसिंग करायला, म्हणजे मधेच एखादा सिलिंडर न पेटता अडखळायला लागते. वायर बाहेरून नवीकोरी दिसत असते, म्हणून तिच्यावर कुणाला संशयच येत नाही.

वायरीचं सिलिकॉन चांगल्या प्रतीचं आहे. हाताला मऊ लागतं, बोटाभोवती गुंडाळलं तरी पांढरी चीर पडत नाही. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात बोनेटखाली पीव्हीसीची वायर कडक होऊन तडकते. सिलिकॉन २०० अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. फक्त ते चिरायला नाजूक असतं, त्यामुळे पत्र्याच्या कडेला घासू देऊ नका. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गळत असेल तर आधी ते बदला, वायरी तेलात भिजलेल्या ठेवू नका.

बसवताना वायरीचं टोक धारदार पात्याने काटकोनात कापा. साल सोलायची नाही. डिस्ट्रिब्युटर कॅपच्या भोकात थोडं सिलिकॉन ग्रीस भरा, वायर तळाला टेकेपर्यंत ढकला, मग स्क्रू आवळा. जोर जास्त लावला तर बेकेलाइट तडकतं. कॉईलकडून (जास्त व्होल्टेज तयार करणाऱ्या भागाकडून) येणाऱ्या वायरीचा स्क्रू मधल्या कार्बन ब्रशच्या मागे लपलेला असतो. ब्रश हलक्या हाताने ओढून काढला की दिसतो. कॅप उघडलीच आहे तर दोन टोकांच्या मधे केसासारखी काळी रेघ आहे का बघा. असेल तर कॅप बाद. ती रेघ म्हणजे करंटने स्वतःसाठी पाडलेली वाट. पुसून ती जात नाही.

प्लग कॅप वायरीवर फिरवून बसतात, आतला स्क्रू तारांत शिरतो. काही कॅप प्लगच्या डोक्यावरच्या नटावर बसतात, काही नट काढून उघड्या आट्यांवर. या किटमधल्या दुसऱ्या प्रकारच्या आहेत आणि पाकिटावर तसं लिहिलेलं नाही. नट न काढता दाबल्या तर अर्धवट बसतात. कॅपमध्ये रेझिस्टर आहेच, म्हणून प्लग बिनरेझिस्टरचा पुरतो. प्लगच्या टोकांमधली गॅप ०.०२५ इंच.

आता वायरींचा क्रम. १ नंबरचा सिलिंडर रेडिएटरकडचा, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२, रोटर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला करंट वाटणारा फिरता तुकडा, वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट फिरतो. पण १ नंबरची वायर कॅपच्या कुठल्या भोकात, हे चित्रावरून ठरवू नका; डिस्ट्रिब्युटर कधीतरी काढून वेगळ्या कोनात बसवलेला असू शकतो. १ नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा धरा, हँडलने इंजिन फिरवा. दाब अंगठा उडवायला लागला की पुलीची खूण टायमिंग कव्हरवरच्या खुणेशी आणा. रोटर ज्या टोकाकडे बघतोय ते १ नंबर. अंगठा न लावता नुसती खूण जुळवली तर ४ नंबरच्या कॉम्प्रेशनवर फसाल, आणि गाडी कार्बोरेटरमधून फटाके फोडेल.

खरी गोम वायरी नेण्यात आहे, आणि गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त चूक इथेच होते. नीटनेटकं दिसावं म्हणून चारही वायरींची झिप टायने वेणी घालतात. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर साधारण मध्यावर, प्लगच्याच बाजूला. त्यामुळे १ आणि २ जोडीने पुढे जातात, ३ आणि ४ जोडीने मागे. पण ३ नंतर लगेच ४ पेटतो आणि २ नंतर लगेच १. ३ च्या वायरीतून करंट धावतो तेव्हा ४ चा पिस्टन तळातून नुकताच वर निघालेला असतो. आत मिश्रण भरलेलं आणि दाब कमी. शेजारच्या वायरीत उतरलेला थोडासा करंटही तिथे ठिणगी पाडायला पुरतो. मग इंजिन ठोकतं, तापतं, आणि लोक कार्बोरेटर पिळत बसतात.

म्हणून जोडीतल्या दोन वायरींत निदान २० मिमी अंतर ठेवा, एक वरून आणि एक खालून न्या. ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. कॉईलची वायर या चौघींपासून लांब, पत्र्यापासूनही बोटभर दूर. लांबी सुतळीने मोजा आणि इंजिन हलतं म्हणून दोन बोटं ढील सोडा.

किटचा दोष इथेच आहे. क्लिपांची भोकं ८ मिमीची, त्यामुळे ७ मिमीची वायर सरकत सरकत पुन्हा शेजारणीला चिकटते. ५ मिमी जाड नायलॉनची पट्टी घेऊन २० मिमीवर ७ मिमीची भोकं पाडा आणि कडेने चीर द्या. ट्यूबचं काळं रबर वापरू नका, त्यात कार्बन असतो.

झाल्यावर रात्री अंधारात, गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढून, इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. निळी ठिणगी दिसली तर तिथे गळती आहे. हात लांब ठेवा, हजारो व्होल्ट असतात. आणि उभ्या गाडीवर सगळं ठीक वाटलं तरी एकदा तुळजापूरचा घाट चढवून बघा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि कच्ची वायर तिथेच उघडी पडते. वायरी नीट नेल्या असतील तर हे किट घाटात तिसऱ्या गिअरवरही कुठे अडखळत नाही.