लुईस-शॉर्टचा लॅटिन कोश : 'ॲसिटॅब्युलम' या एका शब्दावरून केलेली पारख

वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला शरीररचनेच्या शेकडो लॅटिन संज्ञा पाठ कराव्या लागतात, पण त्या शब्दांना हे अर्थ कुठून आले हे सांगायला वर्गात सहसा वेळ उरत नाही. ज्यांना ही उणीव जाणवते त्यांनी अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या 'पर्सियस' या संकेतस्थळावरील लुईस आणि शॉर्ट यांचा लॅटिन-इंग्रजी कोश अवश्य वापरावा. १८७९ साली प्रसिद्ध झालेला हा कोश तेथे पूर्ण स्वरूपात आणि विनामूल्य उपलब्ध आहे. त्याची पारख करण्यासाठी मी 'ॲसिटॅब्युलम' हा शब्द घेतला आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्यात ज्या खोलगट जागी बसतो, आणि जिला रुग्णांशी बोलताना आपण 'खुब्याची वाटी' म्हणतो, तिचे हे शास्त्रीय नाव आहे.

शब्द टाकताच जी नोंद उघडते ती छापील पानावर जेमतेम काही ओळींची आहे, पण तिच्यात या शब्दाचा सारा संसार सामावला आहे. मूळ शब्द 'ॲसिटम', म्हणजे व्हिनेगर, आणि पहिला अर्थ व्हिनेगर ठेवण्याचे भांडे. त्यावरून वाटीच्या आकाराचे कोणतेही भांडे, मग एक माप, पुढे जादूगाराचा पेला, खुब्याची खोबण, अष्टपादाच्या बाहूंवरची चूषके, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्या, आणि शेवटी फुलाचा पेला, असे अर्थ क्रमाने येतात. प्रत्येक अर्थापुढे तो कोणत्या ग्रंथात आला आहे याचा संदर्भ असतो. कोशाचे खरे मोल या संदर्भांत आहे, कारण त्यांतल्या अनेकांवर टिचकी मारली की थेट मूळ ग्रंथातले ते स्थळ समोर येते.

मापाच्या अर्थाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या केटो या रोमन लेखकाच्या शेतीविषयक ग्रंथात, बैलाला साप चावल्यास एक ॲसिटॅब्युलम औषधी बी जुन्या मद्यात वाटून त्याच्या नाकपुड्यांत घालावे, असा उपाय सांगितला आहे. हे माप 'हेमिना' या मापाचा चौथा हिस्सा, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ६८ मिलिलिटर होते. खुब्यातल्या खोबणीला रोमन लोकांनी हेच नाव का दिले असेल, हे त्या भांड्याचा हा आटोपशीर आकार डोळ्यांसमोर आला की निराळे सांगावे लागत नाही. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाच्या पंचेचाळिसाव्या पत्रात हाच शब्द हातचलाखीच्या खेळातल्या पेल्यांसाठी येतो. त्या फसवणुकीतच आपल्याला मौज वाटते आणि युक्ती कळली की गोडी संपते, असे तो तेथे म्हणतो. शरीराशी संबंधित दोन्ही अर्थ प्लिनी या रोमन लेखकाच्या निसर्गविषयक ग्रंथातले आहेत : खुब्याचा अठ्ठाविसाव्या खंडात आणि चूषकांचा नवव्या खंडात. हा दुसरा अर्थ अजूनही जिवंत आहे, कारण यकृतातल्या पर्णकृमीच्या पोटाकडील चूषकाला प्राणिशास्त्रात ॲसिटॅब्युलमच म्हणतात.

मात्र ही नोंद वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. 'मूळ अर्थ' म्हणून जो पहिला दाखला दिला आहे तो स्पेनमधील सेव्हिलचा बिशप इसिडोर याचा, म्हणजे इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या आरंभाचा आहे. केटो त्याच्या कितीतरी शतके आधीचा. अर्थांचा क्रम हा तर्काचा क्रम आहे, काळाचा नव्हे, आणि लेखकांच्या संक्षिप्त नावांपुढे नोंदीत सनावळी दिलेली नसल्यामुळे नवख्या वाचकाचा येथे हमखास घोटाळा होतो. व्युत्पत्तीच्या बाबतीतही हा कोश हात आखडता घेतो. 'ॲसिटम' एवढेच तो सांगतो. 'इन्फंडिब्युलम', 'मँडिब्युला' या शरीररचनेतल्याच शब्दांत साधन किंवा पात्र दाखवणारा जो प्रत्यय आहे, तोच येथेही आहे, हे आपले आपण ताडावे लागते. शिवाय प्रबोधनकाळात शरीररचनाशास्त्रज्ञांनी लॅटिनला जे नवे अर्थ दिले ते या कोशाच्या कक्षेत येत नाहीत. १८९५ च्या बासेल नामावलीत, म्हणजे शरीररचनेच्या संज्ञांच्या प्रमाण यादीत, हा शब्द प्रमाण संज्ञा म्हणून नोंदला गेला, ही पुढची कहाणी अन्यत्र शोधावी लागते.

ग्रीक बाजू पाहायची असल्यास शिकागो विद्यापीठाचे 'लोगिऑन' हे संकेतस्थळ अधिक सोयीचे आहे. तेथे हाच लॅटिन कोश ग्रीक कोशांच्या शेजारी वाचता येतो. 'कोटिले' हा ग्रीक शब्द तेथे पाहावा. त्याचाही अर्थ पेला, माप आणि खुब्याची खोबण असाच आहे. 'इलियड' या ग्रीक महाकाव्याच्या पाचव्या सर्गात ग्रीक योद्धा डायोमिडीस ट्रोजन योद्धा इनियसच्या खुब्यावर दगड मारतो, तेव्हा मांडी जेथे फिरते त्या जागेला 'पेला' म्हणतात, असे होमरच सांगतो. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांचे आठ प्रकार दिले आहेत, आणि काख, वंक्षण (जांघ) व दात येथील सांध्यांना 'उलूखल' म्हटले आहे. शाळेत शिकलेला 'उखळीचा सांधा' तो हाच. ज्या घरांत व्हिनेगरची वाटी नव्हती तेथे उखळ होते, आणि खुब्याला उपमा स्वयंपाकघरातूनच मिळाली, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

कोशाचा 'A' या अक्षराचा भाग एकट्या चार्ल्स शॉर्ट यांनी सिद्ध केला आणि उरलेला सारा कोश चार्ल्टन लुईस यांनी, त्यामुळे ही नोंद शॉर्ट यांच्या हातची आहे. इतक्या जुन्या ग्रंथात चुका आहेतच. अलीकडचा ऑक्सफर्डचा लॅटिन कोश अभिजात काळापुरता अधिक काटेकोर आहे, पण तो साधारण इसवी सन २०० पर्यंतच येऊन थांबतो, त्यामुळे लॅटिन बायबल आणि इसिडोर यांचे दाखले त्यात सहसा मिळत नाहीत. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आरंभ लुईस-शॉर्टपासून करावा, लेखकांच्या काळाची यादी शेजारी ठेवावी, आणि एका वेळी एकच शब्द घेऊन त्याचे सगळे दाखले मूळ ग्रंथात उघडून पाहावेत.